चर्चिलसाहेबांची अंत्ययात्रा आणि आम्ही

सर विन्स्टन चर्चिल यांचे २४ जानेवारी १९६५ रोजी, रविवारी सकाळी, लंडन येथे निधन झाले. त्यांचे वय तेव्हा ९० वर्षांचे होते. तो सारा आठवडा इंग्लंडात कडाक्याची थंडी होती, आणि त्या थंडीत लाखो माणसे रस्त्यांवर व नदीकाठी तासन् तास उभी राहिली. त्या लाखांत मेडनहेडचे एक बेने इस्राएल कुटुंबही होते, ते आमचे. आम्ही भावंडे तेव्हा शाळकरी वयाची होतो. जे पाहिले त्याचा अर्थ कळायला पुढे बरीच वर्षे जावी लागली. आपल्या समाजातील जी कुटुंबे मुंबई-कोकण सोडून परदेशी स्थायिक झाली, त्यांना त्या आठवड्याची हकीकत आपलीशी वाटेल, म्हणून ती येथे देत आहोत.

मेडनहेड हे गाव टेम्स नदीच्या काठी, लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनापासून २४ मैलांवर आहे. आमचे वडील १९६१ मध्ये, म्हणजे कॉमनवेल्थमधील लोकांच्या येण्यावर निर्बंध घालणारा १९६२ चा कायदा होण्यापूर्वी, मुंबईहून येथे आले. शेजारच्या स्लाव गावातील कारखान्यात त्यांना नोकरी मिळाली. मागाहून आई, आम्ही भावंडे आणि आईची आई, म्हणजे आमची आजी, असे सर्वजण आलो. धाकटा मामा साउथॉलला खोली घेऊन राहत असे आणि बहुतेक आठवड्यांत एकदा तरी आमच्याकडे जेवायला येई. त्यामुळे घरात मराठी चाले, शुक्रवारी संध्याकाळी दिवे लागत, किद्दुश होई, आणि नारळ मिळाला तर आजी चिकाचा हलवाही करी. बाहेर पडले की मात्र आम्ही नुसते 'इंडियन'. आम्ही यहुदी आहो हे सांगितले तर इंग्रजांना आश्चर्य वाटे, आणि कधी कधी इंग्रज यहुद्यांना त्याहून जास्त!

चर्चिल यांचे शव बुधवार २७ जानेवारीपासून वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये जनतेच्या अंत्यदर्शनासाठी ठेवणार आणि शनिवारी ३० तारखेस सरकारी इतमामाने अंत्ययात्रा निघणार, असे जाहीर झाले. वडील म्हणाले, "आपण सगळे जाऊन येऊ." मामा त्या दिवशी घरीच होता. तो ताडकन म्हणाला, "दाजी, तुम्ही जा. मी नाही येणार, आणि या पोरांनाही नेऊ नका."

मामाचे म्हणणे वावगे नव्हते. १९४२ च्या चळवळीत पत्रके वाटल्याबद्दल त्याला कॉलेजात असतानाच सहा महिने कैद झाली होती. आपला समाज राजकारणापासून दूर राहिला असे पुष्कळदा म्हटले जाते, पण ते पूर्णपणे खरे नाही. १९१६ साली लोकमान्य टिळकांवरील खटल्यात बॅरिस्टर जिनांच्या बरोबरीने काम करणारे बॅरिस्टर डेव्हिड एरुलकर आपलेच होते, आणि डॉ. अब्राहम एरुलकर हे तर गांधीजींचे स्नेही व डॉक्टर. ज्या माणसाने १९३१ साली गांधीजींना अर्धनग्न फकीर म्हणून हिणवले, हिंदुस्थानला थोडेसे अधिकार देणाऱ्या बिलालाही जो १९३५ पर्यंत पार्लमेंटात विरोध करीत राहिला, त्याच्या शवपेटीपुढे मान का वाकवावी, असा मामाचा प्रश्न होता.

वडिलांचे उत्तर वेगळ्या बाजूचे होते. ते महायुद्धात चौदाव्या सेनेत कारकून होते आणि जनरल स्लिम यांच्या सेनेबरोबर बर्मापर्यंत गेले होते. ते म्हणाले, "१९४० च्या उन्हाळ्यात हा माणूस हिटलरशी तहाला तयार झाला असता, तर युरोपात होता नव्हता तेवढाही यहुदी उरला नसता. ते आपलेच लोक ना?"

वाद वाढू लागला तेव्हा आजी, जी एरवी अशा गोष्टींत बोलत नसे, तिने निकाल दिला. "मयताला गेल्याने हिशेब मिटत नाही. आणि हिशेब आहे म्हणून मयताला जायचं टाळूही नये. ज्याला यायचं असेल त्यानं उद्या रात्री यावं. शनवारी मात्र कोणी गाडीत बसायचं नाही." मामा काही बोलला नाही, पण गुरुवारी संध्याकाळी तो गळ्याला मफलर गुंडाळून आमच्या दाराशी हजर झाला.

गुरुवार २८ जानेवारी. मेडनहेडहून आगगाडीने पॅडिंग्टन, तेथून भुयारी गाडीने लॅम्बेथ नॉर्थ, आणि मग पायी नदीकाठी. रांगेचे शेपूट टेम्सच्या दक्षिण तीरावर होते. तेथून ती रांग लॅम्बेथ पुलावरून पलीकडे जाऊन मिलबँकच्या रस्त्याने वेस्टमिन्स्टर हॉलच्या दारापर्यंत पोचत होती. पोलिसाने तीन तास लागतील असे सांगितले. पारा गोठणबिंदूच्या आसपास होता आणि नदीवरून येणारा वारा दोन दोन स्वेटरांतून अंगाला झोंबत होता. आईने डब्यात चपात्या व बटाट्याची भाजी आणि थर्मासमध्ये चहा घेतला होता. पहिल्या अर्ध्या तासात चहा संपला. पायांची बोटे बधिर झाली म्हणजे आजी आम्हांला जागच्या जागी पाय आपटायला लावी. पुढे-मागे उभे असलेले इंग्रज स्त्री-पुरुष फारसे बोलत नव्हते. एका वृद्ध बाईने आजीला आपली घडीची खुर्ची देऊ केली. आजी बसली नाही, पण त्या बाईला तिने चपाती दिली आणि ती तिने आवडीने खाल्ली.

पुलावर रांग बराच वेळ थांबली. तेथे वडिलांनी एक गोष्ट सांगितली, जी आम्ही पूर्वी कधीच ऐकली नव्हती. १९४३ मध्ये आघाडीकडे जाताना त्यांची तुकडी कलकत्त्याच्या सियालदा स्टेशनवर उतरली होती. स्टेशनबाहेर रस्त्याच्या कडेला माणसे पडलेली होती. काही जिवंत होती, काही नव्हती. भाताची पेज मागण्याइतकाही आवाज कित्येकांत उरला नव्हता. सैनिकांच्या शिध्यातून देणे मना होते, तरी वडील व त्यांचे सोबती देत. पण देणार किती जणांना? बंगालच्या त्या दुष्काळात व त्यामागून आलेल्या साथींत मेलेल्यांची संख्या सुमारे ३० लाखांपर्यंत सांगितली जाते. तांदळाची चणचण युद्धामुळे आली, बर्मा जपान्यांच्या हाती गेल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला, वादळाने पीक बुडाले, व्यापाऱ्यांनी साठे केले, हे सर्व खरे. पण धान्याची जहाजे पाठविण्याची मागणी दिल्लीहून पुन्हा पुन्हा होत असता लंडनच्या युद्धमंत्रिमंडळाने ती पुरी केली नाही, हेही खरे. आणि त्या मंत्रिमंडळाचे प्रमुख चर्चिल होते.

मामाने विचारले, "हे सगळं पाहून तुम्ही या रांगेत उभे?" वडील म्हणाले, "होय. ते पाहिलं म्हणून ते विसरणार नाही, आणि हेही विसरणार नाही." इतकेच. पुढे रांग सरकली.

आमच्या आठवणीत वेस्टमिन्स्टर हॉलमधील शांतता अजून ताजी आहे. ही इमारत १०९७ सालची आणि वरचे लाकडी छत चौदाव्या शतकाच्या अखेरचे. याच हॉलमध्ये राजा पहिला चार्ल्स याच्यावर खटला चालला, आणि याच हॉलमध्ये १७८८ ते १७९५ अशी सात वर्षे वॉरन हेस्टिंग्जवर हिंदुस्थानातील कारभाराबद्दल खटला चालून तो निर्दोष सुटला. हिंदुस्थानचा हिशेब त्या छताखाली पूर्वीही एकदा मांडला गेला होता, असे म्हणावयास हरकत नाही. मध्यभागी उंच चौथऱ्यावर ब्रिटिश निशाणात गुंडाळलेली शवपेटी, कोपऱ्यांवर मेणबत्त्या, आणि माना खाली घालून उभे असलेले पहारेकरी. जमिनीवरील जाजमामुळे पावलांचा आवाज होत नव्हता. वडिलांनी टोपी काढली नाही. यहुदी रिवाजाप्रमाणे डोके झाकूनच ते दोन क्षण थांबले, आणि कोणी त्यांना हटकले नाही. मामा मान न वाकवता, पण सावकाश, पेटीकडे पाहत पुढे गेला. तीन दिवसांत त्या पेटीसमोरून ३,२१,३६० माणसे गेली असे नंतर जाहीर झाले. त्या आकड्यात आम्ही सहा जण आहोत.

शनिवारची अंत्ययात्रा आम्ही पाहिली ती शेजारच्या इंग्रज बाईंच्या दिवाणखान्यात. आमच्याकडे टेलिव्हिजन नव्हता, आणि असता तरी आजीने शब्बाथच्या दिवशी बटण दाबू दिले नसते. पण शेजाऱ्याचे यंत्र चालू असेल आणि आपण त्यांच्याकडे बसायला गेलो, तर त्यात तिला वावगे दिसले नाही. त्या दिवशी बिग बेनचे ठोके बंद ठेवले होते. सेंट जेम्स पार्कमध्ये आयुष्याच्या प्रत्येक वर्षाला एक अशा ९० तोफा झाल्या. थंडी इतकी होती की रस्त्यावरील सैनिकांच्या तोंडची वाफ पडद्यावरही दिसत होती.

तोफगाडा घोडे ओढीत नव्हते, आरमाराचे खलाशी दोर धरून ओढीत होते. हे असे का, हे आम्हांला शेजारच्या बाईंनी सांगितले, आणि त्याचे मूळ आमच्या गावापासून पाच-सहा मैलांवर आहे. राणी व्हिक्टोरियाची अंत्ययात्रा २ फेब्रुवारी १९०१ रोजी निघाली. तोही शनिवारच होता, आणि थंडीही अशीच. लंडनहून शव आगगाडीने विंडसरला आले. विंडसर स्टेशनाबाहेर तोफखान्याचे घोडे थंडीत बराच वेळ खोळंबले होते. गाडा हलविण्याची वेळ आली तेव्हा ते बिथरले व ओढण्याचा साज तुटला. तेव्हा मानवंदनेसाठी उभ्या असलेल्या खलाशांनी मिळतील ते दोर बांधून गाडा स्वतः ओढत चर्चपर्यंत नेला. केवळ अडचणीतून काढलेली ती वाट पुढे रिवाज बनली. सातवे एडवर्ड, पाचवे जॉर्ज, सहावे जॉर्ज यांच्या वेळी तसेच झाले आणि १९६५ मध्ये चर्चिल यांच्या वेळीही. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्ययात्रेत हाच गाडा १४२ खलाशांनी ओढला.

सेंट पॉलच्या पायऱ्यांशी शवपेटीच्या पुढे बारा मानकरी चालत होते. त्यांतील काही नावे वाचकांनी लक्षपूर्वक वाचावी. एक लॉर्ड माउंटबॅटन, हिंदुस्थानचे अखेरचे व्हाइसरॉय. दुसरे लॉर्ड इस्मे, जे महायुद्धात चर्चिल यांचे अगदी निकटचे लष्करी सहकारी होते आणि १९४७ मध्ये दिल्लीत माउंटबॅटन यांच्या कार्यालयाचे प्रमुख होते. त्यांचा जन्मही नैनितालचा. तिसरे फील्ड मार्शल स्लिम, ज्यांच्या चौदाव्या सेनेत बहुसंख्य सैनिक हिंदी होते. त्यांना पडद्यावर पाहताच वडील खुर्चीत सरळ बसले. आणि चौथे लॉर्ड ॲटली.

ॲटली तेव्हा ८२ वर्षांचे होते आणि प्रकृतीने खचलेले होते. तरी त्या थंडीत ते आले. पायऱ्या चढताना ते अडखळले, आणि मागून शिसे लावलेली जड पेटी खांद्यावर घेऊन येणाऱ्या ग्रेनेडियर गार्ड्सच्या जवानांना मध्येच थांबावे लागले. सारे जग पाहत होते. हेच ॲटली युद्धकाळात चर्चिल यांच्या मंत्रिमंडळात उपपंतप्रधान होते. यांनीच १९४५ च्या निवडणुकीत चर्चिल यांना हरविले, आणि यांच्याच सरकारने १९४७ मध्ये हिंदुस्थानला स्वातंत्र्य दिले, जे चर्चिल कधी देऊ इच्छीत नव्हते. ज्याच्याशी आयुष्यभर मतभेद, त्याच्या शेवटच्या पायऱ्या हा म्हातारा धापा टाकीत चढत होता. मामा बराच वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "हा आला, मग आपण गेलो ते ठीकच झालं."

आणखी एक गोष्ट आम्हांला मागाहून वाचून कळली, आणि ती आपल्या समाजाला विशेष महत्त्वाची आहे. अंत्ययात्रेस इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष झाल्मन शझार आणि माजी पंतप्रधान डेव्हिड बेन-गुरियन आले होते. शब्बाथ असल्यामुळे ते मोटारीत न बसता त्या गारठ्यात पायी सेंट पॉलला गेले. यहुदी लोकांचाही चर्चिल यांच्याशी हिशेब सरळ नव्हता. १९३९ साली पॅलेस्टाइनमध्ये यहुद्यांच्या येण्यावर मर्यादा घालणारी श्वेतपत्रिका निघाली, तेव्हा त्यांनी पार्लमेंटात तिच्यावर कडक टीका केली. पण ते स्वतः पंतप्रधान झाल्यावरही ती श्वेतपत्रिका युद्धभर अमलात राहिली, आणि युरोपातून पळणाऱ्या कित्येकांना किनाऱ्यावरून परत पाठविले गेले. हे बेन-गुरियन यांना ठाऊक नव्हते असे कोण म्हणेल? तरी ते आले, आणि पायी आले.

आमच्या घरात त्या गोष्टीला आणखी एक कंगोरा होता. इस्राएलमध्ये आपल्या बांधवांच्या विवाहसंबंधांबाबत रब्बींनी काढलेल्या अटींवरून १९६२ पासून जी चळवळ चालली, ती वाचकांना ठाऊकच आहे. बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, असे क्नेसेतने व सरकारने ऑगस्ट १९६४ मध्ये निःसंदिग्धपणे जाहीर केले. त्याला अवघे पाच महिने झाले होते. ज्या कोकणातल्या लोकांना शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून शेजारी 'शनवार तेली' म्हणत, त्यांच्या यहुदीपणाचा पुरावा मागितला गेला होता, याचे दुःख आजीच्या मनात ताजे होते. इस्राएलचे राष्ट्राध्यक्ष शब्बाथ पाळून पायी गेले हे वडिलांनी तिला वाचून दाखविले, तेव्हा ती म्हणाली, "मग? आम्हीही शनवारी गाडीत बसलो नाही." तिच्या मनात तुलना वगैरे काही नव्हती. दोघांनीही एकच नियम पाळला, एवढेच तिला म्हणायचे होते.

अंत्यविधीनंतर शवपेटी 'हॅवनगोर' नावाच्या लाँचमधून टेम्सवरून नेण्यात आली आणि धक्क्यावरील याऱ्यांनी एकामागून एक माना खाली केल्या. पुढे वॉटर्लूहून 'विन्स्टन चर्चिल' हेच नाव असलेल्या वाफेच्या इंजिनाने गाडी ऑक्सफर्डकडे नेली आणि ब्लेडन गावच्या स्मशानात दफन झाले. ती गाडी आमच्या बर्कशायरमधून, ॲस्कट, वोकिंगहॅम व रेडिंगवरून गेली. रुळांच्या कडेला, शेतांत व पुलांवर माणसे थंडीत टोप्या काढून उभी होती.

एक योगायोग सांगून हा लेख आटोपता घेऊ. चर्चिल ऑक्टोबर १८९६ मध्ये लष्करी अधिकारी म्हणून प्रथम मुंबईस उतरले ते ससून डॉकवर. १८७५ साली आल्बर्ट अब्दुल्ला ससून यांनी बांधलेला हा धक्का मुंबईच्या प्रत्येक यहुद्याला माहीत आहे. होडीतून पायरीवर उतरताना त्यांनी भिंतीतली लोखंडी कडी धरली, तेवढ्यात लाटेने होडी खाली गेली आणि त्यांचा उजवा खांदा निखळला. ते दुखणे त्यांना जन्मभर पुरले. हिंदुस्थानशी त्यांचा संबंध असा दुखण्यानेच सुरू झाला. मामा ही गोष्ट मोठ्या चवीने सांगत असे, आणि वडीलही हसत.

आजी, वडील, आई व मामा आज हयात नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यदर्शनाची रांग लागली, तेव्हा आमच्या नातवाने विचारले, "आपण जायचं का? ते लोक तर आपल्यावर राज्य करीत होते ना?" आम्ही त्याला लॅम्बेथ पुलावरची ती रात्र सांगितली, सियालदाची गोष्ट सांगितली, आणि ॲटली पायरीवर कसे अडखळले तेही सांगितले. त्यानंतर जायचे की नाही हे त्याच्यावर सोपविले. तो गेला. परत आल्यावर त्याने पहिला प्रश्न विचारला तो बंगालच्या दुष्काळाबद्दल.

ज्या वाचकांची वडीलधारी माणसे त्या थंडीत लंडनच्या रस्त्यावर उभी होती, किंवा मुद्दाम घरी बसून राहिली होती, त्यांनी दोन्ही प्रकारच्या आठवणी लिहून ठेवाव्यात, अशी आमची विनंती आहे. गेलेले का गेले आणि न गेलेले का गेले नाहीत, हे दोन्ही आपल्या मुलांना कळले पाहिजे.